झटका आला की बसला?

नव्या दुकानाच्या उद्घाटनाला लोक हार घेऊन जातात, पेढे घेऊन जातात. मी अर्ज घेऊन जाते. तिकडे नारळ फुटत असतो आणि इकडे मी मालकाला हळूच विचारत असते, "भाऊ, समजा शिडीवरून पडून तुमचा हात मोडला, तर हे दुकान उघडणार कोण?" मालकाच्या हातातला प्रसाद हातातच राहतो. मला कुंकू लावायला पुढे आलेला त्याच्या बायकोचा हात मागे जातो. घनसावंगी तालुक्यातल्या निम्म्या दुकानांतून मला चहा न देता वाटेला लावलेलं आहे. उरलेल्या निम्म्यांनी चहा दिला, तो मी लवकर जावं म्हणून.

मी अपघात विमा विकते. आयुष्याचा विमा विकणाऱ्याला लोक साहेब म्हणतात, कारण त्याच्या बोलण्यात मुलीचं लग्न, पोराचं शिक्षण असलं गोडधोड असतं. माझ्या बोलण्यात मनगट, खुबा आणि पाठीचा मणका. त्यामुळे मला गावोगाव 'अपघातवाल्या ताई' असं नाव पडलं. तीर्थपुरीच्या रस्त्यावरचा एक जीपवाला तर मला पुढच्या सीटवर बसूच देत नसे. "ताई, तुम्ही मागं बसा. तुम्ही पुढं बसल्या की मला समोर नुस्ते ट्रकच दिसतेत," म्हणायचा. पुढे त्याने माझ्याकडूनच पॉलिसी घेतली, पण मला मागेच बसवत राहिला.

माझी हक्काची गिऱ्हाइकं म्हणजे वायरमन. त्यातही नुकताच स्वतःचा धंदा काढलेला वायरमन. दुसऱ्याच्या हाताखाली असताना तो पडला, तर कायद्याच्या धाकाने का होईना, मालकाला त्याचं बघावं लागतं. पण तोच वायरमन ठेकेदारीचा परवाना काढतो, गाळा घेतो, पाटीवर स्वतःचं नाव रंगवतो आणि मग पडतो, तेव्हा बघायला मालक कुठून आणायचा? मालक तोच असतो आणि तोच खाली पडलेला असतो.

हे सांगितलं की समोरचा हसून म्हणतो, "ताई, माझा विमा हाये की. बँकेतून कापून जातो दरसाल." कापून जातो हे खरं. पण तो स्वस्तातला विमा माणूस गेला, नाहीतर हातपाय-डोळा कायमचा गेला, तरच पैसे देतो. प्लास्टरमधला हात त्याच्या लेखी शाबूत हात. दुसरा म्हणतो, माझा दवाखान्याचा विमा आहे. तो दवाखान्याचं बिल भरतो, किराणा भरत नाही. तिसरा हाताखालच्या माणसांचा विमा काढतो. तो फार भला माणूस, फक्त त्या कागदात त्याचं स्वतःचं नाव नसतं. मी विकते तो चौथा. अपघात झाला आणि डॉक्टरने 'याला काम करता येणार नाही' असं लिहून दिलं, तर काम बंद असेपर्यंत दर आठवड्याला ठरलेली भरपाई मिळते. आठवड्यांना मर्यादा असते. पिऊन पडलं तर मिळत नाही. आणि आजारपणामुळे पडलं तरी मिळत नाही. हे शेवटचं वाक्य जरा ध्यानात ठेवा, पुढे त्याने माझ्या नाकी नऊ आणले.

गिऱ्हाइकंही एकेक असतात. घनसावंगीतल्या दोन भावांनी मिळून इलेक्ट्रिकचं दुकान काढलं, तेव्हा धंद्याच्या रकान्यात 'दुकानदार' लिहा म्हणून ते हटून बसले. वायरमनला हप्ता जास्त पडतो, दुकानदाराला कमी. मी म्हटलं, "लिहिते. मग खांबावरून पडाल तेव्हा कंपनीला काय सांगायचं? दुकानदार खांबावर उधारी मागायला चढला होता?" थोरल्याने मुकाट्याने वायरमन लिहू दिलं. तिकडे भोकरदनकडच्या धावड्याचा एकजण वर्ष संपल्यावर तोंड पाडून माझ्यापुढे उभा राहिला. "ताई, पैसे पाण्यात गेले. वर्षभर काहीच झालं न्हाई." मी म्हटलं, "देवाची कृपा." तर म्हणाला, "देवाची कृपा फुकट व्हती, तुमचे पैसे लागले." आणि एका बहाद्दराला तर कोणत्या बोटाला किती मिळतात ते पाठच होतं. अंगठ्याला जास्त, करंगळीला कमी हे कळल्यापासून तो करंगळीवर नाराज असायचा.

पण ह्या सगळ्या जातीची एक गोष्ट सारखी. वायरमन सगळं कबूल करील, शॉक बसला हे कबूल करणार नाही. शॉक गिऱ्हाइकाला बसतो, वायरमनला बसत नाही, असा त्यांचा धर्मच आहे. ज्याला शॉक बसतो त्याला काम येत नाही, आणि ज्याला काम येत नाही त्याला बोलावणार कोण? आपसात बोलताना ते फार तर 'जरा चाटून गेला' म्हणतील, तेही इकडेतिकडे बघून. बाहेरच्या माणसासमोर चकार शब्द नाही.

तीर्थपुरीचे इस्माईलभाई ह्या धर्माचे मोठे पुरोहित. त्यांचे वडील वायरमन, ते वायरमन. पंधराएक वर्षं जालन्यात एका ठेकेदाराच्या हाताखाली कारखान्यांची वायरिंग केली आणि मग परवाना काढून गावात स्वतःचं दुकान थाटलं. पाटीवर नाव, आणि नावाखाली लाल अक्षरात त्यांचं आवडतं वाक्य: 'करंट आपल्याला ओळखतो.' उद्घाटनाला मी नेहमीप्रमाणे अर्ज घेऊन गेले. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"ताई, वाचलं का? आपल्याला गरज न्हाई. करंट आपल्याला वळखतो."

"करंट ओळखत असेल, इस्माईलभाई. जमीन ओळखते का? शिडीवरून पडल्यावर तीच लागते."

आतून त्यांच्या बायको, शाहीनभाभी, म्हणाल्या, "ताई, तुम लिखो. इनकू पूछो नक्को." अशी ती पॉलिसी निघाली.

दुकान काढून वर्षही झालं नव्हतं, तोच इस्माईलभाईंना जन्मातलं मोठं काम मिळालं. गावाबाहेर एक मंगल कार्यालय बांधलं जात होतं. त्याची सगळी वायरिंग, पंखे, रोषणाई आणि मधोमध हैदराबादहून आणलेलं झुंबर. हे काम नीट झालं की पाटीवरचा 'ठेकेदार' हा शब्द खरा झाला. नाही झालं तर पाटी उतरवून परत जालन्याला, जुन्या मालकाच्या हाताखाली. हे त्यांनी स्वतःच मला चारदा बोलून दाखवलं होतं.

आणि नेमके त्याच दिवसांत ते कौसाबाईच्या पिठाच्या गिरणीत पडले.

काम अगदी किरकोळ होतं. गिरणीतली ट्यूबलाइट लागत नव्हती. इस्माईलभाईंनी लाइटाचा फ्यूज काढला, शर्टाच्या खिशात टाकला आणि शिडीवर चढले. चांगल्या वायरमनची ही रीत आहे. फ्यूज खिशात असला की दुसरा कोणी येऊन लावून देण्याची भीती नाही. खाली दळणाचे डबे घेऊन बायामाणसं बसलेली. एकदम वरून 'हाय' ऐकू आलं आणि शिडीसकट इस्माईलभाई ज्वारीच्या पोत्यांवर आले. पोती होती म्हणून डोकं वाचलं. उजवं मनगट मात्र मोडलं.

सगळ्या डबेवाल्यांच्या देखत ते उठून बसले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, "कुछ न्हाई, कुछ न्हाई. चक्कर आली. सकाळपासून पोटात काही न्हाई ना."

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. डॉक्टरने तेच लिहून घेतलं.

मी भेटायला गेले, तेव्हा शाहीनभाभी उशाशी बसून त्यांना खजूर भरवत होत्या. खुर्चीवर टाकलेला पिठाने माखलेला शर्ट मला बसायला जागा व्हावी म्हणून त्यांनी उचलला, तर खिशातून फ्यूज खाली पडला. मी इस्माईलभाईंकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. मग मी त्यांच्या प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडे बघितलं. तर्जनीच्या पेरावर हरभऱ्याएवढा काळा चट्टा होता, भाजल्याचा.

भाभी पाणी आणायला बाहेर गेल्या तशी मी खुर्ची पुढे ओढली.

"इस्माईलभाई, करंटने आज ओळख दाखवली नाही वाटतं?"

"ताई, हळू बोला."

"फ्यूज खिशात, मग करंट आला कुठून?"

"ते मला काय म्हाईत? आला कुठून तरी. पन तुम्ही बोलू नका. गावात कळलं तर धंदा खलास. त्या मंगल कार्यालयवाल्याला म्हन्तेन, इसको शॉक लगता, येला झुंबर काय देता. अन् आपला कचरू तर टपूनच बसलाय."

कचरू म्हणजे तीर्थपुरीतला दुसरा वायरमन. इस्माईलभाईंनी दुकान काढेपर्यंत गावात तोच एकटा होता, त्यामुळे त्यांच्यावर त्याचं विशेष लक्ष.

मी त्यांना समजावलं. चक्कर म्हणजे आजार. आजारामुळे पडलेल्या माणसाला आपली पॉलिसी एका आठवड्याचीही भरपाई देत नाही. शॉक म्हणजे अपघात, त्याला देते. मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही, खरं बोला म्हणते आहे. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मंग राहू द्या भरपाई. इज्जत राह्यली म्हंजे बास."

मी तरीही दावा पाठवून दिला, पण झालं तसंच. कंपनीच्या ऑफिसातून फोन आला, "मॅडम, पेशंट चक्कर येऊन पडलाय. आपल्यात बसत नाही." मी म्हटलं, "बोटावर भाजल्याची खूण आहे. चक्कर आल्यावर बोट भाजतं का? एकदा माणूस पाठवून बघा." त्यांनी पाठवतो म्हटलं, पण कधी ते सांगितलं नाही.

इकडे गावात ती चक्कर एकटीने फिरायला लागली. कचरूने ती गिरणीतून उचलली आणि चहाच्या हॉटेलात नेऊन ठेवली. "बिचाऱ्याला चकरा येतेत." हॉटेलातून निघाली तोवर तिची भोवळ झाली होती. पानपट्टीवर पोचली तेव्हा मिरगी. गावाच्या मोबाईल ग्रुपवर कोणीतरी 'इस्माईलभाई लवकर बरे व्हा' म्हणून हात जोडलेलं चित्र टाकलं आणि त्याखाली मिरगीवर कांदा हुंगवावा की चप्पल यावर दिवसभर चर्चा चालली. मिरगी येणाऱ्या माणसाला शिडीवर चढवायला कोण बोलावणार? शॉक लपवून जी इज्जत वाचवायची होती, ती चकरेने दुप्पट वेगाने चालली होती. मला हसूही येत होतं आणि त्या माणसाची दयाही येत होती.

हसू गेलं ते शाहीनभाभींमुळे. एकदा दुकानावर गेले, तर त्यांनी मला बाजूला ओढलं. डोळे सुजलेले होते. "ताई, सच बोलो. इनके दिमाग में कुछ है क्या? मेरे मामू कू बी ऐसेच चक्कर आते थे. छे महिने में गुजर गए." घरातली शिडी त्यांनी शेजाऱ्याकडे देऊन टाकली होती. दर्ग्यात नवस बोलल्या होत्या. नवऱ्याला खजूर, बदाम, दूध देऊन देऊन त्याचं पोट सुटायला लागलं होतं. मला खरं माहीत होतं, पण ते माझं सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "भाभी, दिमाग ठणठणीत आहे. बाकीचं त्यांनाच विचारा." त्यांना ते पटलं नाही. मला मनातून फार वाईट वाटलं, आणि इस्माईलभाईंचा रागही आला.

मी तशीच आत गेले. इस्माईलभाई डाव्या हाताने गिऱ्हाइकाला बल्ब दाखवत होते. गिऱ्हाईक गेल्यावर मी तोंड उघडणार, तोच तेच म्हणाले, "ताई, मंगल कार्यालयवाल्याचा निरोप आल्ता. म्हन्तो, झुंबर लावताना तुम्हाला चक्कर आली अन् तुम्ही नवरा-नवरीच्या अंगावर पडले तर? काम कचरूला द्यायचं म्हणून राह्यलाय."

"मग?"

"मंग काय. चक्कर काढून टाका. जे झालं ते सांगतो. पन एकट्या साहेबाला, दुकानात, हळूच."

कंपनीचा तपासनीस आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. तरुण, स्वच्छ शर्टाचा, पश्चिम महाराष्ट्रातला माणूस, बोलणं पुस्तकातल्यासारखं. दुकानासमोर भाजीवाले बसलेले, रस्त्याला पाय ठेवायला जागा नाही. आम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला तीन स्टुलांवर बसलो. तपासनिसाने मोबाईलवर लिहायला सुरुवात केली.

"नेमकं काय झालं, सांगा."

इस्माईलभाईंनी रस्त्याकडे बघितलं, आवाज खाली आणला. 'शॉक' हा शब्द त्यांच्या जिभेवर यायला तयार नव्हता. शेवटी त्यांनी पुटपुटून सांगितलं, "साहेब, चक्कर न्हाई. झटका आला."

"अच्छा, झटका आला." तपासनिसाने लिहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती आली. "यापूर्वी कधी आला होता?"

एकदा खरं बोलायचं ठरवलं म्हणजे इस्माईलभाई हात राखून बोलणारे नव्हेत. "आता खोटं कशाला बोलू? येतेत की. वर्षातून दोन-चार तर येतेतच."

"बेशुद्ध पडता का?"

"बारक्यात न्हाई पडत. मोठा आला तर पडतो."

"घरात आणखी कुणाला?"

"आब्बांना यायचे. त्यांना तर माझ्यापेक्षा जास्त. लई काम केलं त्यांनी."

"म्हणजे आनुवंशिक," असं पुटपुटत तपासनीस लिहायला लागला. आमच्याकडे झटका करंटचाही असतो आणि आजाराचाही. फिट आली तरी झटका, हृदय थांबलं तरी झटका. चकरेतून सुटलेला माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत खानदानी मिरगीत अडकत होता.

"थांबा!" मी ओरडले. "आला नाही. बसला!"

तपासनिसाने वर बघितलं. "कोण बसलं?"

"झटका. झटका आला नाही, झटका बसला. आला म्हणजे आजार, बसला म्हणजे करंट."

"मॅडम, त्यांनी स्वतः 'आला' म्हटलंय. मला जबाबातले शब्द बदलता येत नाहीत. तुम्ही मध्ये बोलू नका."

"इस्माईलभाई, सांगा त्यांना. आला की बसला?"

"तेच ते ना, ताई. झटका तो झटका."

"तेच ते नाही! आला असेल तर तुम्ही आजारी. बसला असेल तर तुम्ही धडधाकट!"

एव्हाना समोरच्या वांगीवालीने वजन करायचं थांबवलं होतं. चार माणसं दुकानाच्या पायरीशी आली. त्यांच्यामागे आठ. आला का बसला, कोण आला, कोण बसला, असं मागची माणसं पुढच्यांना विचारायला लागली. कचरू कोपऱ्यात सायकल लावून टाचा उंच करून बघत होता. तो मोठ्याने म्हणाला, "आरं सोडा त्याला, त्याला झटके येतेत! कांदा आना कांदा!" आणि बाजारात कांद्याला काय तोटा? कोणीतरी खरोखरच एक फेकला. तो काउंटरवर येऊन इस्माईलभाईंच्या प्लास्टरला लागला.

इस्माईलभाई उठले. स्टुलावर चढले. प्लास्टरचा हात वर केला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले, "बसला! झटका बसला! येत-बीत काही न्हाई मला! शॉक, शॉक बसला! फ्यूज खिशात व्हता तरी बसला, दोनशे तीस होल्टचा बसला, कौसाबाईच्या गिरणीत बसला, अन् काम करनाऱ्याला बसतोच! कचऱ्या, तुला बसत न्हाई का रे?"

  सवयीने कचरूने मान हलवून नाही म्हटलं आणि मग सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं तसा म्हणाला, "चाटून जातो कधी कधी."

तपासनिसाने मात्र आपलं काम सोडलं नाही. "पण तुम्ही तर फ्यूज काढून खिशात ठेवला होता म्हणता. मग करंट आला कुठून?"

ह्या प्रश्नाचं उत्तर इस्माईलभाईंकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. ते गर्दीत मेथीची जुडी घेऊन उभं होतं. कौसाबाई पुढे आली. पदर सावरला. "मीच लावला दुसरा फ्यूज. माझ्याकडं एक जास्तीचा असतो, देवाच्या फळीवर. ह्यो वर चढला अन् माझा वजनकाटा बंद पडला. मानसं खोळंबल्ती. म्हन्लं, काट्यापुरता लावावा. मंग ह्योच म्हन्ला चक्कर आली, तर म्या काहून बोलू?"

म्हणजे शॉक इस्माईलभाईंच्या चुकीने बसलाच नव्हता. फ्यूज खिशात ठेवणारा वायरमन अख्ख्या तालुक्यात शोधावा लागतो, आणि हा माणूस आपलं शहाणपण खिशात घालून आपल्याच नावाने मिरगी पसरवत बसला होता.

आणि मग आतल्या दारातून शाहीनभाभी बाहेर आल्या. हाताला पीठ होतं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, स्टुलावर उभ्या असलेल्या.

"शॉक था?"

इस्माईलभाईंनी मान खाली घातली. "हां."

"बस, शॉक था? चक्कर नहीं?"

"नहीं."

"दिमाग का कुछ नहीं?"

"अरे नहीं ना, शाहीन. सबके सामने क्या..."

भाभी तिथेच पायरीवर बसल्या आणि पिठाचे हात तोंडावर घेऊन रडायला लागल्या. रडता रडता हसायला लागल्या. "या अल्ला, मैं मर गई थी. शॉक था बोलते!" नवऱ्याला शॉक बसला म्हणून इतकी खूष झालेली बाई मी पहिल्यांदा बघितली. वांगीवालीने तिला पाणी दिलं. मलाही डोळे पुसावे लागले, तेवढ्यात तपासनिसाने मला विचारलं, "मॅडम, 'चाटून जातो' हे 'आला'मध्ये धरायचं की 'बसला'मध्ये?"

पुढचं सुरळीत झालं. डॉक्टरने बोटावरचा चट्टा भाजल्याचाच म्हणून लिहून दिलं, कौसाबाईने जबाब दिला आणि भरपाई सुरू झाली. ती राजेशाही नव्हती, पण घर चाललं, गाळ्याचं भाडं गेलं आणि मुख्य म्हणजे इस्माईलभाईंना माणूस लावता आला. कोणता माणूस लावला असेल? कचरू. मंगल कार्यालयाच्या मालकाने काम काढून घेतलं नाही. तो त्या दिवशी बाजारातच होता. "जो मानूस फ्यूज खिशात घालून चढतो, त्यालाच देतो," म्हणाला. खालची वायरिंग कचरूने केली, इस्माईलभाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून त्याच्यामागे उभे राहून चुका काढत राहिले. झुंबराला मात्र त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. प्लास्टर निघेपर्यंत ते खोक्यातच होतं.

माझ्या धंद्यालाही बरकत आली. आसपासचे वायरमन एकेक करून येऊन, इकडेतिकडे बघून, "ताई, मला बी बसल्ता एकदा," असं सांगून पॉलिसी घेऊन गेले. कचरूही आला. धंद्याच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाला, "वायरमन. अन् बसतो, असं बी लिहा."

मंगल कार्यालयाच्या उद्घाटनाला मी गेले होते. अर्थात अर्ज घेऊन. ह्या खेपेला मला मधल्या रांगेत खुर्ची मिळाली आणि चहा मिळाला, बशीसकट. झुंबराचा एक लोलक शेवटच्या घटकेला वाकडा दिसला म्हणून इस्माईलभाई परत शिडीवर चढले होते. तेवढ्यात उद्घाटनाचे पाहुणे आले. घाईघाईत कोणी वर बघितलं नाही. पाहुण्यांनी हात जोडले, बटण दाबलं. झुंबर लागलं नाही. पुन्हा दाबलं. मालकाचा चेहरा उतरला. कचरू फ्यूजच्या पेटीकडे धावला आणि तिथूनच ओरडला, "फ्यूजच न्हाई!"

इस्माईलभाईंनी शिडीवरून आपला खिसा चाचपला. रिकामा. कौसाबाई पहिल्या रांगेतून घाबरून म्हणाली, "मी न्हाई वो लावला, मी काहीच न्हाई केलं!"

तेव्हा शिडीच्या पायाशी, दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या असलेल्या शाहीनभाभींकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. त्यांच्या ओढणीच्या टोकाला एक घट्ट गाठ होती आणि गाठीत काहीतरी जड होतं. पाहुणे बटणावर बोट ठेवून थांबलेले, मालक हात जोडतोय, सगळं मंगल कार्यालय बघतंय. भाभी कोणाकडेही न बघता वर बघून म्हणाल्या, "पयले नीचे उतरो."

ते उतरले. दोन्ही पाय फरशीवर टेकले. मग भाभींनी गाठ सोडली.